गोळीचा नेम



‘गोळीचा नेम’ हे आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नेमबाजीची आठवण झाली असेल, आणि ती अगदीच गैर नाही. ज्या औषधाविषयी आज विचार करायचा आहे ते खरोखरच नेम धरून मारा करणारे औषध आहे. शरीरातील असंख्य पेशींपैकी ज्या बिघडल्या आहेत, त्यांच्यातील एका विशिष्ट प्रथिनावर ते जाऊन बसते आणि त्याचे काम बंद पाडते. परंतु मराठीत नेम या शब्दाला दुसराही अर्थ आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा स्तोत्राचा नेम असे, तुळशीला पाणी घालण्याचा नेम असे. कोणी पाहत असो वा नसो, मन लागो वा न लागो, ठरल्या वेळी न चुकता करावयाची गोष्ट म्हणजे नेम. पहिला नेम शास्त्रज्ञांनी साधला. दुसरा रुग्णाने आणि त्याच्या घराने साधायचा असतो. आणि औषध हाती असूनही आजार बळावतो तेव्हा त्यामागील एक मोठे कारण हा दुसरा नेम चुकणे हे असते.

आजाराचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने सीएमएल. हा रक्ताचा कर्करोग आहे, पण चित्रपटांनी आपल्या मनावर ठसविलेला, नायकाला चार महिन्यांत घेऊन जाणारा तो कर्करोग नव्हे. हा सावकाश वाढतो. थकवा येतो, वजन उतरते, रात्री घाम येतो, प्लीहा वाढल्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा वाटतो. पुष्कळांना तर काहीच होत नसते. दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासले जाते आणि श्वेतपेशींची संख्या काही हजारांऐवजी लाखाच्या घरात गेलेली आढळते. पाश्चात्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडील रुग्णालयांतील रुग्ण मात्र त्याहून बरेच तरुण, तिशी-चाळिशीतले असतात. म्हणजे कमावता मुलगा, दोन लहान मुलांची आई, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. रुग्णाबरोबर सारे घरच आजारी पडते ते यामुळे.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींमध्ये एक आखूड गुणसूत्र आढळले. त्या गुणसूत्राला शहराचेच नाव मिळाले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्यामुळे हे घडते. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे एक संयुक्त जनुक तयार होते, त्याच्यापासून बनणारे प्रथिन पेशींना अखंड ‘वाढा, वाढा’ असा आदेश देत राहते आणि पेशी तो पाळत राहतात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून अनेक घरांत अकारण दुःख होते. हा दोष जन्मतः मिळालेला नसतो, आईबापांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. हा आजार संसर्गानेही पसरत नाही. कुणाच्या पूर्वकर्माचा हिशेब मांडत बसण्याचेही कारण नाही.

त्या प्रथिनाला अडविणारे इमॅटिनिब हे औषध स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी, म्हणजे नंतरच्या नोव्हार्टिस, कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते रुग्णांपर्यंत नेण्यात अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रकर यांचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्यापूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण ज्यांना शक्य नव्हते अशांचे आयुष्य निदानानंतर बहुधा मोजक्या वर्षांचेच असे. या औषधाच्या मूळ मोठ्या चाचणीतील रुग्णांचा जवळजवळ अकरा वर्षांचा पाठपुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के हयात होते. वैद्यकाच्या इतिहासात असे फेरफार थोडे झाले आहेत.

पण औषध निर्माण होणे आणि ते बीड-नंदुरबारच्या रुग्णाच्या हातात पडणे या दोन गोष्टींत फार अंतर असते. ग्लिव्हेक या नावाने मिळणाऱ्या मूळ औषधाचा महिन्याचा खर्च आपल्याकडे सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. देशी कंपन्यांनी तेच औषध ८ ते १० हजारांत उपलब्ध केले. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर तो बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले आणि भारतीय औषध उद्योग उभा राहिला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये कायदा बदलावा लागला. त्या बदलातही एक शहाणपण जपले गेले. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप पुढे करून, परिणामकारकता न वाढविता, पुन्हा पेटंट मागता येणार नाही असे कलम ३ (ड) ने ठरविले. स्वदेशीचा आग्रह धरणारे आणि एरवी त्यांच्याशी कशावरही सहमत न होणारे, असे दोन्हीकडचे लोक त्या वेळी औषधांच्या प्रश्नावर बोलत होते.

नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही त्याला विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि प्रकरण चढत चढत दिल्लीस गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे की, त्याच कंपनीच्या साहाय्य योजनेतून भारतातील हजारो रुग्णांना ही गोळी विनामूल्य मिळत होती आणि त्यांपैकी अनेकांचे प्राण तिनेच वाचविले. तरीही राष्ट्राचे आरोग्य कुणाच्या औदार्यावर सोपवून चालत नाही. आज हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, अनेक देशी कंपन्या ते बनवितात आणि किंमत त्या काळाच्या मानाने पुष्कळच उतरली आहे.

एवढा लढा झाला, गोळी घरात आली. आणि मग ती डब्यात राहते! येथून आजचा खरा विषय सुरू होतो.

या आजाराची एक विचित्र रीत आहे. गोळी सुरू केल्यावर रुग्णाला काही आठवड्यांत बरे वाटू लागते, प्लीहा आक्रसते, रक्तपेशींची संख्या पूर्ववत होते. अहवालाच्या कागदावर सारे काही ‘नॉर्मल’ असते. हाच क्षण सर्वांत धोक्याचा आहे. बिघडलेल्या पेशी अस्थिमज्जेत शिल्लक असतात. साध्या रक्ततपासणीला त्या दिसत नाहीत एवढेच. गोळी त्यांना दाबून धरते. दाब सैल झाला की त्या पुन्हा वाढतात आणि अर्धवट माऱ्याखाली तग धरलेल्या पेशींतून औषधाला न जुमानणारी पिढी पुढे येऊ शकते. त्यानंतर हा सावकाश आजार सावकाश राहत नाही. तो तीव्र अवस्थेत गेला की आजचे वैद्यकही पुष्कळदा हतबल होते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे इमॅटिनिब घेत असलेल्या ८७ रुग्णांना ज्या बाटल्यांतून गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या झाकणात बाटली केव्हा उघडली याची नोंद करणारी सूक्ष्म यंत्रणा होती. रुग्णांना त्याची कल्पना नव्हती. तीन महिन्यांनी नोंदी पाहिल्या. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्यात आजार जनुकाच्या पातळीवर खोलवर दबण्याची सहा वर्षांतील शक्यता सुमारे ९४ टक्के होती. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती सुमारे २८ टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे काय, हे घरगुती हिशेबाने पाहावे. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी तीन चुकल्या की नव्वद टक्के झाले. परीक्षेत नव्वद टक्के मिळाले तर घरोघर पेढे वाटले जातात. येथे तेच गुण काठावरचे आहेत.

गोळ्या का चुकतात? विसर हे सर्वांत निष्पाप कारण. त्याहून दुखरे कारण म्हणजे काटकसर. पगार लांबला, पीक गेले, म्हणून महिन्याचे पाकीट पुरवून पुरवून दीड महिना चालविणारी माणसे असतात. एक दिवसाआड गोळी घेतली की अर्धा परिणाम मिळेल, असा त्यांचा साधा तर्क असतो. तो तर्क चुकीचा आहे. ठरल्या मात्रेपेक्षा कमी औषध रक्तात राहिले तर निम्मे यश मिळत नाही, आजाराला निसटण्याची वाट मिळते. अशा वेळी रुग्णाने गोळी तोडण्यापेक्षा तोंड उघडावे. रुग्णालयातील समाजसेवा विभाग, शासनाच्या आरोग्य योजना, जनऔषधी केंद्रे, धर्मादाय न्यास हे मार्ग उपलब्ध असतात. ते शोधून देणे हे काम शेजारच्या कार्यकर्त्याचे आहे. रुग्णाला मुंबईस नेऊन आणणे हे काम डोळ्यांना दिसते, त्याचे कौतुकही होते. परळला नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होत आली आहे आणि तिचा आधार असंख्यांना मिळाला आहे. पण रुग्ण गावी परतल्यानंतर महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन, पाकिटात किती गोळ्या उरल्या आणि पुढचे पाकीट आले का, हे आपुलकीने विचारणे ही सेवा अधिक दिवस पुरणारी आहे.

आता गोळी घ्यायची कशी ते पाहू. सीएमएलच्या दीर्घकालीन अवस्थेत इमॅटिनिबची नेहमीची मात्रा प्रौढांना दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम असते. कुणाला अधिक, कुणाला कमी, हे तज्ज्ञ ठरवितात. ती रिकाम्या पोटी घ्यायची नसते. दिवसातील मोठ्या जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह घ्यावी, म्हणजे मळमळ आणि जठराचा दाह कमी होतो. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नये. म्हणूनच झोपताना अंथरुणावर बसून घोटभर पाण्याने गिळण्यापेक्षा दुपारच्या किंवा रात्रीच्या पानावर बसतानाच ती घेणे बरे. गिळताच येत नसेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात विरघळू द्यावी आणि ढवळून लगेच प्यावी. खलबत्त्यात कुटून पूड करू नये. फुटलेल्या गोळीला घरातील गर्भवती स्त्रीने हात लावू नये आणि इतरांनीही हात धुवावेत.

एक दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. राहिली ती राहिली. पुढची वेळेवर घ्यावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगावे. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परस्पर दुसरी घेऊ नये, आधी विचारावे. औषधाच्या दुकानातही डोळे उघडे ठेवावे लागतात. ही गोळी १०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा दोन्ही आकारांत मिळते. ज्याला रोज १०० च्या चार घेण्याची सवय आहे, त्याला ४०० चे पाकीट मिळाले आणि तो चार गोळ्या घेत राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. उलटही घडू शकते. कंपनी बदलली की वेष्टनाचा रंग बदलतो, म्हणून रंगावर विसंबू नये. नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही प्रत्येक वेळी वाचावीत.

नावे वाचण्याचे आणखी एक कारण आहे. इमॅटिनिबला पुढे भावंडे आली. डॅसॅटिनिब २००६ मध्ये आले, निलोटिनिब २००७ मध्ये, आणि त्यानंतर आणखी काही. कानाला ही नावे सारखी वाटतात, पण नियम वेगळे आहेत. निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूल रिकाम्या पोटीच घ्यायच्या असतात. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही, कारण अन्नाबरोबर ते औषध रक्तात प्रमाणाबाहेर चढते आणि हृदयाच्या लयीला धोका पोहोचू शकतो. डॅसॅटिनिब जेवणाआधी घेतले काय, नंतर घेतले काय, चालते; मात्र आम्लपित्तावरच्या औषधांनी त्याचे शोषण घटते. तेव्हा रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या रुग्णाचा सल्ला कितीही प्रेमाचा असला, तरी तो त्याच्या गोळीचा आहे, आपल्या गोळीचा नव्हे.

इमॅटिनिब यकृतातील ज्या यंत्रणेतून शरीराबाहेर टाकले जाते, तिच्यावर अनेक औषधांचा परिणाम होतो. आपल्या देशात सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे नाव रिफॅम्पिसिन, म्हणजे क्षयरोगावरील प्रमुख औषध. त्याच्यामुळे रक्तातील इमॅटिनिबचे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशाने उतरते. म्हणजे रुग्ण रोज नेमाने गोळी घेत असतो आणि शरीराला तिचा जेमतेम पाव भाग पोहोचतो. मिरगीवरील फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही असेच करतात. उलट बुरशीवरील काही औषधे आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके इमॅटिनिबची पातळी वाढवितात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनशी त्याचे जमत नाही. दुखण्यावरच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगितले जाते. ते आपल्या पपनसाच्याच कुळातले फळ. गणेशोत्सवात बाजारात दिसणारे पपनस देवापुढे जरूर ठेवावे, रुग्णाने मात्र खाऊ नये. आणि इमॅटिनिब सुरू आहे ही गोष्ट दंतवैद्यापासून नेत्रवैद्यापर्यंत प्रत्येकाला सांगावी. खिशात औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेला कागद असला की काम भागते.

आयुर्वेदाचा विषय येथे टाळता येणार नाही, कारण आपल्या घरांत तो येतोच. आयुर्वेद हा आपला वारसा आहे, त्याचा अभिमान योग्यच आहे. पण मात्रा, युक्ती आणि रोग्याची परीक्षा यांना ज्या शास्त्राने इतके महत्त्व दिले, त्याच्या नावावर कुणी ओळखीच्या माणसाने दिलेली अनामिक पुडी गोळीसोबत गुपचूप घेणे, हा त्या शास्त्राचाच अवमान आहे. वनस्पतींत औषधी द्रव्ये असतात म्हणूनच त्या गुण देतात. आणि त्याच कारणाने त्या दुसऱ्या औषधाच्या आड येऊ शकतात. स्वयंपाकातील हळदीला कुणाची ना नाही. हळदीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. चांगला वैद्य आधीची औषधे विचारतोच. जो ‘ती गोळी आधी बंद करा’ असे सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

उपवासाचेही तसेच. एकादशी, नवरात्र, हरतालिका हे दिवस पाळणाऱ्या भगिनी आणि वडील मंडळी गोळीलाही त्या दिवशी सुट्टी देतात, किंवा निर्जळी पोटावर ती घेऊन दिवसभर मळमळत बसतात. धर्मशास्त्राने आजारी माणसाला नेहमीच सवलत दिली आहे. इमॅटिनिब घेणाऱ्याने पाण्याचा नेम तोडू नये. भगर किंवा खिचडी खाऊन त्याबरोबर गोळी घेतली तर व्रत राहते आणि औषधही पोटात जाते. वारीला किंवा चारधामला जाताना गोळ्या सामानाच्या गाडीत न टाकता स्वतःजवळच्या पिशवीत, चार दिवसांच्या जास्तीच्या घेऊन, मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. घरीही त्या चुलीजवळच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही असे पाहावे.

दुष्परिणामांविषयी घाबरवूनही सोडू नये आणि लपवूनही ठेवू नये. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते. बहुतेकांना यातील काही ना काही होते आणि बहुतेकांचे ते सुसह्य असते. त्यावर उपाय असतात, फक्त विचारावे लागते. सावळ्या वर्णाच्या रुग्णांत त्वचा उजळलेलीही दिसते. नातेवाईक ‘तब्येत सुधारली, रंग उजळला’ म्हणून अभिनंदन करतात. तो गोळीचा परिणाम असतो, बाकी काही नाही. मात्र काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त थांबेना, शौच काळे झाले, डोळे पिवळे झाले, दम लागू लागला किंवा थोड्या दिवसांत वजन अचानक वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. वजन वाढणे म्हणजे येथे बाळसे नव्हे, शरीरात पाणी साठत असल्याची ती खूण असू शकते; म्हणून आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. उपचाराच्या पहिल्या महिन्यांत रक्तपेशी फार उतरल्या तर डॉक्टर स्वतःच काही दिवस गोळी थांबवितात. थांबविण्याचा तो अधिकार त्यांचा आहे, रुग्णाचा किंवा सासरेबुवांचा नाही.

तरुण स्त्रियांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. उपचार चालू असताना गर्भधारणा होऊ नये अशी काळजी घ्यावी, आणि बाळाला अंगावर पाजणेही वर्ज्य आहे. पण याचा अर्थ मातृत्वाची दारे कायमची बंद झाली असा नाही. आजार पुरेसा खोल दबला असेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नियोजन करता येते. अनपेक्षितपणे दिवस गेल्याचे कळले तर भीतीने गप्प राहू नये, त्याच दिवशी तज्ज्ञांना सांगावे. यातील खरी अडचण वैद्यकीय नसून सामाजिक आहे. लग्न मोडेल म्हणून आजार लपविला जातो. मग सासरी आलेली मुलगी गोळ्या दुसऱ्याच कसल्या डबीत ठेवते, सर्वांची पाठ वळल्यावर घेते, आणि पाहुणे आले की ती गोळी राहते. जे औषध लपवून घ्यावे लागते, त्याचा नेम राहत नाही. कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्या व्यवस्थेत सुनेला जेवणाच्या पानावर, सर्वांच्या देखत गोळी घेता आली पाहिजे.

शेवटचा मुद्दा तपासण्यांचा. सुरुवातीला रक्तपेशींची मोजणी दर आठवड्याला, मग दर पंधरवड्याला, आणि पुढे अधिक अंतराने होते. कावीळ ‘ब’ची तपासणीही उपचारापूर्वी करून घेणे योग्य, कारण ती दबलेली असेल तर या औषधांनी जागी होऊ शकते. पण आजार खरोखर किती उरला आहे हे सांगणारी तपासणी बीसीआर-एबीएलची, पीसीआर पद्धतीची. ती साधारण दर तीन महिन्यांनी करतात. तीन महिन्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत १ टक्क्याच्या आत आणि वर्षात ०.१ टक्क्याच्या आत यावे, अशी ढोबळ अपेक्षा असते. आकडा उतरण्याऐवजी चढू लागला तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘गोळी रोज घेता ना?’ येथे खोटे उत्तर दिले तर आधीची गोळी निकामी झाली असे समजून महागडी आणि अधिक त्रासदायक गोळी सुरू होऊ शकते. पैसे वाचविण्यासाठी गोळी चालू ठेवून ही तपासणी टाळणारेही पुष्कळ आहेत. तो प्रवास रात्री दिवा न लावता गाडी हाकण्यासारखा आहे.

गोळी जन्मभर घ्यायची का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. पूर्वी उत्तर सरळ ‘होय’ असे होते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किमान दोन वर्षे बीसीआर-एबीएल तपासणीत आढळेनासे झालेल्या रुग्णांची गोळी थांबविली, तेव्हा सुमारे चाळीस टक्क्यांत आजार परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांच्यात बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच परतला आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. त्यामुळे आज निवडक रुग्णांत असा प्रयत्न केला जातो. त्यासाठी वर्षानुवर्षांची अखंड गोळी, दीर्घकाळ खोल दबलेला आजार आणि खात्रीची प्रयोगशाळा हाताशी असावी लागते. थांबविल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तर जवळजवळ दरमहा पीसीआर करावी लागते. ज्याला तीन महिन्यांची तपासणीही जड जाते, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याने दुपारच्या पानावर बसावे, पेलाभर पाणी घ्यावे आणि गोळी घ्यावी.